राजाची कंबर

"काम काय करता?" असं फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मला विचारलं आणि उत्तर बाबांनी दिलं.

"राजा आहे तो," बाबा म्हणाले.

मॅडमचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. पेशंट नक्की कोण, याची त्या खात्री करून घेत असाव्यात. मग बाबांनी खुलासा केला. मुलांची नाटकं करणारी कंपनी आहे, त्यात राजाचं काम करतो, शनिवार-रविवार प्रयोग असतात, शाळांना सुट्टी लागली की रोज. मॅडम "अच्छा" म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं, 'नट'. मी वाकडा बसलो होतो, त्यामुळे कागद मला नीट दिसत होता. माझ्याबद्दल इतकं चांगलं काही आजवर कुणी कागदावर लिहिलं नव्हतं.

बाबांच्या सांगण्यात चूक एकच होती. मी राजा नव्हतो. त्या नाटकात मी घोडा होतो, आणि तोही अख्खा नव्हे. घोड्याचा मागचा अर्धा भाग माझ्याकडे होता.

असा घोडा दोन माणसांचा मिळून होतो. पुढचा माणूस सरळ उभा राहतो, त्याच्या डोक्यावर घोड्याचं तोंड असतं. तो मान हलवतो, खिंकाळतो, टाळ्या घेतो. मागचा माणूस कंबरेत वाकतो, पुढच्याचा पट्टा धरतो आणि त्याच्या मागोमाग चालतो. वरून वेताची कमान आणि तपकिरी कापड. आमच्या कंपनीत पुढच्याला 'पुढचा' म्हणत आणि मला 'मागचा'. नावं होती आम्हाला, पण ती कुणी विचारल्याचं आठवत नाही. पुढचा वयानं मोठा होता. एके काळी त्यानं गंभीर नाटकं केली होती, असं तो स्वतः सांगायचा आणि ते नाकारणारं कुणी हयात नव्हतं.

आता घोड्याचा राजा कसा झाला ते सांगतो. मला आधी खरंच राजाच्या कामाला घेतलं होतं. दोन तालमी झाल्या, मी घरी सांगून मोकळा झालो, आणि सरांच्या मेहुण्याची नोकरी सुटली. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. ते मला म्हणाले की तुझी उंची घोड्याला जास्त शोभेल. त्या संध्याकाळी बाबांना सांगायचं असं ठरवून मी घरी आलो, तर जिन्यात बाबा शेजारच्या काकांशी बोलत उभे होते. काकांचा मुलगा बँकेत साहेब आहे. काका बोलतात आणि बाबा ऐकतात, अशीच ती पद्धत होती. त्या दिवशी बाबा बोलत होते आणि काका ऐकत होते. मी बाजूनं वर निघून गेलो. उद्या सांगू म्हटलं. असे उद्या साठत साठत दोन वर्षं गेली.

प्रयोगाला बाबा आले नाहीत कारण मी येऊ दिलं नाही. कधी तिकिटं संपलेली असायची, कधी फक्त शाळांसाठी प्रयोग असायचा. एकदा मी सांगितलं की मोठी माणसं बसली की मुलं हसत नाहीत, म्हणून कंपनीनं मोठ्यांना बंदी केलीय. बाबांना ते पटलं. दुसऱ्याच्या खात्याचा नियम ते कधी मोडत नाहीत.

आणि मग माझी कंबर धरली.

सुरुवातीला नुसती दुखायची. मग सकाळी उठताना अडकायला लागली. मग डाव्या पोटरीत मुंग्या यायला लागल्या. मोजे घालणं हा दोन माणसांचा कार्यक्रम झाला. रोज सकाळी बाबा माझ्या खाटेशी यायचे, मला कुशीवर वळवायचे, स्वतःचा गुडघा माझ्या पाठीमागे टेकवायचे, काखेत हात घालायचे आणि हळूच म्हणायचे, "श्वास सोड. आता." त्या 'आता'ला मी उभा राहायचो.

बाबा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. जमिनीखालची गळती शोधायची, हे त्यांचं काम. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिला कान लावायचा आणि पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. पाणी वर येतं एकीकडे आणि फूट असते भलतीकडे, हे त्यांनी मला लहानपणी इतक्यांदा सांगितलंय की मला बाराखडीच्या आधी ते पाठ होतं. तर माझ्या कंबरेची फूट शोधायला ते घरात उतरले.

पहिली गादी गेली. मग उशी. मला फळीवर झोपवलं, फळीवरून जमिनीवर, जमिनीवरून पुन्हा दुसऱ्या फळीवर. न्हाणीतली बादली स्टुलावर चढली. माझे बूट चांभाराकडे जाऊन टाचा बदलून आले. सोफा फार खाली आहे, असा निष्कर्ष निघाला आणि सोफा आत्याकडे गेला. तेव्हा आई म्हणाली, "अहो, आता घरात मीच तेवढी उरलेय. मला कुणाकडे पाठवताय?"

बाबा गंभीरपणे म्हणाले की आधी खुर्ची बघू.

आणि ज्याला फूट कुठे आहे ते माहीत होतं, तो मी, तिथेच फळीवर पडून हे सगळं बघत होतो. आयुष्यभर गळती शोधलेल्या माणसाच्या हातात मी चुकीचा नकाशा दिला होता, आणि तो बिचारा त्या नकाशाप्रमाणे स्वतःचं घर खणत होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंबरेचा पट्टा दिला, एक्स-रे काढला. एक्स-रेत काही निघालं नाही. बाबा हिरमुसले. डॉक्टर म्हणाले की हाडं ठीक आहेत, आता फिजिओथेरपी करून बघा. असे आम्ही मॅडमकडे पोचलो. बाबा सोबत. बाबा प्रत्येक वेळी सोबत, आतल्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून.

मॅडमनी मला पुढे वाकवलं, मागे वाकवलं, आडवं करून पाय वर उचलायला लावले, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबली. मग म्हणाल्या की एक्स-रेमध्ये दिसत नाही म्हणजे काही नाही असं नव्हे. कंबर मोडलेली नाही, ती चुकीची वापरली जातेय. खुब्यातून वाकायच्या जागी हा माणूस कंबरेतून वाकतो, आणि कंबर धरून ठेवणारे पोटाचे आणि मागचे स्नायू झोपलेत. पट्टा लावून लावून ते आणखी आळशी होतील. गोळीनं दुखणं दबेल, कारण जाणार नाही. कारण रोजच्या कामात कुठेतरी आहे.

"दुखणं वाढतं कधी?"

"प्रयोगानंतर," मी म्हणालो. हे खरं होतं.

"प्रयोगात जास्त वेळ काय करता?"

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"सिंहासनावर बसतो," मी म्हणालो.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मुकुटाचं वजन विचारलं. मी अंदाजानं सांगितलं. मुकुट काढून तालीम करता येईल का, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या वतीनं बाबा म्हणाले की मुकुटाशिवाय तो राजा कसा वाटेल. यावर दोघांची थोडी चर्चा झाली. मी मध्ये पडलो नाही. ज्या डोक्यावर मुकुट नव्हताच, त्या डोक्यानं काय मत द्यायचं.

बाबा एकदा बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा मी तोंड उघडलं होतं. मॅडमनी वर पाहिलं. पण समोर तो कागद होता आणि कागदावर 'नट' होतं. मी तोंड मिटलं आणि विचारलं की पंखा कमी करता का.

पुढच्या खेपांना शेक झाला, स्नायू ताणून झाले, थोडं बरं वाटायचं. शनिवार-रविवार गेला की सोमवारी मी पुन्हा होतो तसा. मॅडमना राग येत नसे, पण एका सोमवारी त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की पायातल्या मुंग्या वाढतायत. अजून वेळ आहे. पण पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा गेला तर सरळ हॉस्पिटल, माझ्याकडे यायचं नाही. आणि आता मला तुमचं काम डोळ्यांनी बघायचंय. काम करतानाचा व्हिडिओ आणा. तो आणल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही.

कुणीही शहाण्या माणसानं या ठिकाणी खरं सांगितलं असतं. मी मेहुण्याकडून मुकुट मागून आणला.

मेहुणा भला माणूस होता. मुकुटात शिंकायचं नाही, एवढ्या एका अटीवर त्यानं दिला. तालमीच्या हॉलमध्ये मी सिंहासनावर बसलो आणि पुढच्यानं माझ्या फोनवर शूटिंग केलं. शूटिंग करता करता तो दिग्दर्शनही करायला लागला. डोळ्यांत राज्य दिसत नाहीये म्हणाला. हे कशासाठी चाललंय, ते त्यानं विचारलं. मी म्हणालो, डॉक्टरांसाठी.

"मग डॉक्टरांना घोडा दाखव की," तो म्हणाला.

घोडा नाही दाखवता येणार, असं मी म्हणालो. त्यानं फोन खाली घेतला. मग म्हणाला, "मला नाही बाबा लाज वाटत घोड्याची."

"तुम्ही पुढचे आहात," मी म्हणालो.

 त्यानं पुन्हा एक टेक घेतला.

मॅडमनी तो व्हिडिओ फार बारकाईनं पाहिला. मध्ये थांबवून, मागे नेऊन. मग म्हणाल्या की इतकं सरळ बसलेला माणूस मी अजून पाहिला नाही. याची कंबर दुखायचं काही कारणच नाही. बाबांची छाती फुगली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "राजे, तुम्ही एक सांगताय आणि तुमची कंबर दुसरंच सांगतेय. मी कुणावर विश्वास ठेवू?"

मी म्हणालो, कंबरेवर ठेवा. 

बाबांनी मात्र व्हिडिओवर विश्वास ठेवला. तो त्यांनी स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि काकांना दाखवला, इस्त्रीवाल्याला दाखवला, आत्याला पाठवला, वीज मीटर बघायला आलेल्या माणसाला दारात उभं करून दाखवला. काकांनी चष्मा बदलून तो पाहिला आणि म्हणाले, मुकुट शोभतो हो. त्या रात्री बाबा जेवताना दोनदा विनाकारण हसले. मी पानात बघत होतो. मान खाली घालून जेवणं माझ्या कंबरेला चांगलं नव्हतं, पण वर बघणं मला जमत नव्हतं.

व्हिडिओतून बाबांना एक गोष्ट सापडली. सिंहासनाची पाठ सरळसोट होती. कंबरेच्या पोकळीला आधार नव्हता. फूट मिळाली, असं ते आईला म्हणाले. मग ते फोनच्या पडद्याला पट्टी लावून मापं घेत बसले. मी म्हटलं, बाबा, राहू दे. ते म्हणाले की तू बोलू नकोस, पाठ टेकव. दोन-चार दिवस गॅलरीत करवत चालली. फळी, तिला बाक, वर स्पंज, त्यावर लाल कापड. राजाचं म्हणून लाल. मला वाटलं हे ते मला देतील आणि मी ते कंपनीत कुठेतरी टाकून देईन. म्हणजे तिथपर्यंत माझी तयारी झाली होती.

रविवारी ते स्वतःच घेऊन आले.

थिएटरच्या मागच्या दारावरच्या माणसानं त्यांच्या हातात फळी पाहिली आणि सुतार समजून आत सोडलं. मोठ्यांना बंदी असल्याचं त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या अंकात बाबा विंगेत येऊन उभे राहिले, हे मला नंतर कळलं. त्यांनी समोर सिंहासन पाहिलं असणार. त्यावर मुकुट घालून बसलेला मेहुणा पाहिला असणार. त्यानंतर त्यांनी मला कुठे कुठे शोधलं, ते मी कधी विचारलं नाही. स्टेजवर प्रधान होता, दोन भालदार होते, एक झाड होतं. झाडाकडेही त्यांनी नीट पाहिलं असेल.

तेवढ्यात घोडा आला. बाबा माझं चालणं गेले कित्येक आठवडे बघत होते. डावा पाय जरा ओढत टाकायचा, उजवा लवकर उचलायचा. घोड्याचे मागचे पाय तसे चालत होते.

त्या प्रसंगात घोडा राजापुढे बसतो. पुढचा गुडघे टेकतो, मी टेकतो. मग राजा म्हणतो, ऊठ माझ्या मित्रा, आणि घोडा उठतो. मेहुणा म्हणाला, ऊठ माझ्या मित्रा. पुढचा उठला. माझी कंबर अडकली.

घोडा पुढून उभा आणि मागून बसलेला, असा ताणला गेला. कापडात कुठेतरी टाका तुटल्याचा आवाज आला. मुलं हसायला लागली. पुढच्यानं मला कुजबुजून विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "अडकलो." तो खिंकाळला. त्याच्याकडे तेवढंच होतं. मेहुण्यानं पुन्हा म्हटलं, ऊठ माझ्या मित्रा. मुलं आता बाकांवर हात आपटत होती. मी आत घामानं निथळत होतो आणि मला हलता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिथेच राहिलो असतो तरी चाललं असतं.

मग कुणीतरी लाकडी फळ्यांवरून चालत आलं. चपलांचा आवाज. काहीतरी लाकडी खाली ठेवल्याचा आवाज. माझ्या पाठीमागे एक गुडघा टेकला. कापडावरून चाचपडत दोन हात बरोबर माझ्या काखेत आले.

"श्वास सोड," बाबा हळूच म्हणाले. "आता."

मी उठलो.

थिएटर टाळ्यांनी भरून गेलं. मेहुण्यानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं एक वाक्य टाकलं. तो म्हणाला, "राजवैद्य, आम्ही प्रसन्न आहोत." बाबांनी त्याला मान लववली असावी, कारण पुन्हा टाळ्या पडल्या. मग चपला परत गेल्या.

नाटक अजून अर्धा तास होतं. सरांचा हुकूम होता की घोडा स्टेजवर असेपर्यंत शेपटी थांबता कामा नये. तेव्हा बाबा विंगेतून बघत होते आणि मी शेपटी हलवत होतो.

घोड्यातून बाहेर पडायचं म्हणजे आधी पुढचा निघतो, मग मागचा. मी निघालो तेव्हा बाबा मेकअपच्या बाकावर बसले होते, मांडीवर लाल फळी. पुढच्यानं घोड्याचं तोंड काखेत धरून त्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाला, मी पुढचा. आपले चिरंजीव फार चांगले मागचे आहेत.

"हो का," बाबा म्हणाले.

बसमध्ये बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. फळी आमच्या दोघांच्या मधल्या जागेत होती. मी बोलायला सुरुवात केली की बसचा आवाज व्हायचा आणि आवाज थांबला की मला सुचायचं नाही. उतरायच्या आधी त्यांनी एकच विचारलं. "मुकुट कुणाचा होता?"

"सरांच्या मेहुण्याचा."

त्यांनी मान हलवली. घरी गेल्यावर फळी कपाटामागे सरकवली आणि आईला सांगितलं की सिंहासनाला बसली नाही, माप चुकलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

सोमवारी मॅडमकडे जायचं होतं. मला वाटलं बाबा येणार नाहीत. ते आले. आतल्या खुर्चीवर बसले. मॅडम म्हणाल्या, काय राजे, काय म्हणतेय कंबर? बाबांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि खुर्ची वळवून भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत बसले. ते चित्र त्यांना आता तोंडपाठ असणार.

"मॅडम," मी म्हणालो, "मी राजा नाही. घोडा आहे. घोड्याचा मागचा भाग."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं. 'नट' खोडतील म्हणून मी बघत होतो. त्यांनी ते खोडलं नाही, त्याच्यापुढे काहीतरी लिहिलं, आणि उठून म्हणाल्या, "करून दाखवा. पुढे कोण असतं?"

पुढे कुणीतरी हवंच होतं. खोलीत बाबा होते.

ते उठले, माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले आणि स्वतःचा पट्टा थोडा घट्ट केला. मी कंबरेत वाकलो. डाव्या हातानं त्यांचा पट्टा धरला. उजवा हात मागे नेला, कारण मागे शेपटीची दोरी असते. ती सतत ओढायची. मॅडम म्हणाल्या, चाला. आम्ही खोलीत चाललो. टेबलाला वळसा, वजनकाट्याला वळसा. बाबा फार सावकाश चालत होते. मला फक्त त्यांचा पट्टा दिसत होता.

थांबा, असं म्हणून मॅडम माझ्या बाजूला येऊन वाकल्या. म्हणाल्या की आता कळलं. पाठ गोल करून वाकता, तसंच तासन् तास राहता, वर एक हात पुढे आणि एक मागे, म्हणजे वाकलेल्या कंबरेला रोज पीळ. तोही नेहमी एकाच बाजूला. एवढ्यावर कुठलीही कंबर बोलेल. मग त्यांनी माझी हनुवटी बोटानं सरळ केली. ती पुन्हा डावीकडे गेली.

"आणि मान डावीकडे का?"

मी पट्टा आणखी घट्ट धरला.

"मान वळली की खांदा वळतो आणि पीळ वाढतो. हे मला समजायला हवं. नाटकात तसं आहे का?"

नाही म्हणालो. नाटकात तसं नव्हतं. मग तसंच वाकलेल्या अवस्थेत, वडिलांचा पट्टा हातात धरून, मी सांगितलं की पुढचा माणूस प्रत्येक प्रयोगाआधी ताकद राहावी म्हणून उकडलेली अंडी खातो. आणि माझं तोंड नेमकं कुठे असतं. आणि तो मोठा नट आहे, त्याला कसं सांगणार, म्हणून मी डावीकडे बघतो. दोन वर्षं झाली डावीकडेच बघतोय.

 माझ्या हातातला पट्टा हलायला लागला. आधी थोडा, मग बराच. बाबा हसत होते की त्यांना आणखी काही होत होतं, ते मला सांगता येणार नाही. मागच्याला चेहरा दिसत नाही.

इलाज तसा साधा निघाला. पाठ सपाट ठेवून खुब्यातून वाकायचं. शेपटीची दोरी पोटाखालून पुढे घ्यायची, म्हणजे हात मागे न्यायला नको. दर प्रवेशाला हात बदलायचा. कापडाला नाकासमोर जाळी. पट्टा बंद, आणि दिवसभर पडून राहणंही बंद. चालायचं, आणि सकाळ-संध्याकाळ व्यायाम: पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची, मग हातापायांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा. आई मला त्या अवस्थेत बघून म्हणाली, "आता घरीपण?" सरांनी जाळीला नाक मुरडलं, पण मॅडमची चिठ्ठी पाहून लावली. पुढच्याला अंड्यांचं सांगितलं तेव्हा तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मग प्रयोगानंतर खायला लागला. मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, पण ते तसंही आमच्या कामात लागत नाही.

मुंग्या आधी पोटरीतून गेल्या. मग सकाळचं अडकणं कमी झालं. आता मी स्वतः उठतो. बाबा तरी खाटेशी येऊन उभे राहतात, मी उठलो की जातात.

मॅडमनी नवीन वाकणं रोज कुणालातरी पुढे घेऊन पक्कं करायला सांगितलं होतं. घरात ते बाबाच करतात. चहानंतर बाहेरच्या खोलीत येतात, खिडकीचे पडदे ओढून घेतात, पट्टा घट्ट करतात आणि पाठ करून उभे राहतात. पडदे मी ओढत नाही. ते ओढतात. मीही कधी उघडे ठेवू या म्हटलं नाही. मग आम्ही खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत चालतो. राजाबद्दल बोलणं झालं नाही. मी माफी मागायला दोनदा सुरुवात केली. ते म्हणाले, पाठ सपाट ठेव.

काल आम्ही असे मध्यावर होतो आणि बेल वाजली. बाबांनी पट्टा सोडवून घेतला आणि दार अर्धं उघडलं. काका होते. त्यांच्याकडे बँकेतल्या मुलाचे साहेब आले होते, त्यांना तो राजाचा व्हिडिओ दाखवायचा होता. जरा फोन देता का?

मी स्वयंपाकघराच्या दाराशी वाकलेलाच उभा होतो. तिथून बाबांची पाठ दिसत होती.

बाबांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला. मग म्हणाले, "राजा नाही करत तो. घोडा करतो."

काकांना ते समजायला वेळ लागला. घोडा म्हणजे, असं त्यांनी विचारलं. बाबांनी सांगितलं की दोन माणसं असतात, एक पुढे, एक मागे, वरून कापड. अवघड काम आहे. काका म्हणाले, अरे वा. मग सहज, काही मनात नसताना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग आपला कोणता? पुढचा का मागचा?"

बाबांचा हात दाराच्या कडीवर होता.

"पुढचा," बाबा म्हणाले.

काका अरे वा म्हणून गेले. बाबांनी दार लावलं. पडद्यात एक फट राहिली होती, ती ओढून घेतली. माझ्याकडे न बघता ते आले, माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले, आणि मी पाठ सपाट ठेवून त्यांचा पट्टा धरला.